लोखंडाचं लाकूड

पैसे मोजले की वस्तू आपली झाली, असं फक्त दुकानदाराला वाटतं. गिऱ्हाइकाला तसं वाटत नाही. आपल्याकडे स्टीलचं पातेलं आणलं की आधी त्याच्यावर नाव घालून घेतात, मग त्यात भात शिजतो. पोळ्याला शेतकरी बैलाची शिंगं रंगवतो. बैल कोणाचा हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, तरी रंगवतो. रिक्षावाला मागच्या काचेवर मुलांची नावं लिहून घेतो, मग भले रिक्षा अजून आमच्या बँकेच्या नावावर गहाण असो. तात्पर्य, वस्तू ताब्यात येते ती पैशाने, आपली होते ती रंगाने.

हा नियम गोल्फच्या क्लबलाही लागू आहे, असं मी म्हटलं तर वाचक भुवया उंचावतील. आधी एक खुलासा केला पाहिजे. गोल्फमध्ये क्लब दोन प्रकारचे असतात. ज्याचं सभासदत्व आपल्याला परवडत नाही तो एक, आणि चेंडू ज्याने मारतात तो दुसरा. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे. पहिल्याबद्दल लिहायला मी आत गेलेलो नाही.

गोल्फचा इतिहास सगळे लोक विजेत्यांच्या नावांनी सांगतात. मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला तो कच्चा माल, घडणावळ आणि रंगकाम या तीन खात्यांवर लिहिलेला दिसतो. आणि त्यातल्या त्यात रंगकामाचं खातं मोठं चमत्कारिक आहे.

सुरुवात सरकारी पत्रकाने होते. १४५७ साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोन खेळांवर बंदी घातली. लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावतात आणि उद्या इंग्रज चालून आला तर त्याला काय काठीने मारणार, अशी सरकारची चिंता होती. हीच बंदी पुढे १४७१ साली आणि पुन्हा १४९१ साली घालावी लागली. एकाच विषयावर तीन पत्रकं निघाली याचा अर्थ काय, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग १५०२ साली खुद्द चौथ्या जेम्सने स्वतःसाठी क्लब विकत घेतले. खजिनदाराच्या वहीत त्याची नोंद आहे. गंमत म्हणजे हे क्लब त्याने घेतले पर्थ गावच्या एका धनुष्य करणाऱ्याकडून! ज्या धनुष्याच्या काळजीपोटी खेळ बंद केला, ते धनुष्य करणाराच फावल्या वेळात क्लब करत बसला होता. साहजिकच आहे. लाकूड तेच, हत्यारं तीच, हात तोच. फक्त गिऱ्हाईक बदललं.

क्लबाच्या आधी रंग लागला तो चेंडूला. जुना चेंडू म्हणजे चामड्याची इवलीशी पिशवी, आणि तिच्यात टोपीभर पिसं. टोपी म्हणजे आपली गांधी टोपी नव्हे, साहेबाची उंच टोपी. पिसं उकडून ओलीच कोंबायची. ती वाळताना फुगतात, चामडं वाळताना आवळतं, आणि दोघांच्या भांडणातून दगडासारखा टणक चेंडू तयार होतो. संयुक्त कुटुंबाचं तत्त्व म्हणतात ते हेच. त्यावर पांढरा रंग चढवला की झालं. चांगल्या कारागिराचे दिवसाकाठी तीन-चार चेंडू होत, आणि एका चेंडूला क्लबाइतकी किंमत पडे. असा चेंडू झुडपात हरवल्यावर माणूस कोणत्या भाषेत बोलत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या महागाईतून गोल्फला सोडवलं ते साक्षात विष्णूने. ही माझी भाविक कल्पना नव्हे, गोल्फच्या पुस्तकांतूनच सांगितली जाणारी आख्यायिका आहे. १८४०च्या दशकात पूर्वेकडून सेंट अँड्र्यूज गावी पॅटर्सन नावाच्या घरात विष्णूची एक मूर्ती आली. वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून खोक्यात गटापर्चाचे तुकडे भरले होते. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. वाळला की कडक होतो, गरम पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ. घरातल्या मुलाने मूर्ती बाजूला ठेवली आणि खोक्यातला कचरा उचलून त्याचा चेंडू वळला. दूरवरून मागवलेल्या वस्तूपेक्षा तिच्या खोक्यात पोराचा जीव जास्त रमतो, हा अनुभव घरोघरी आहे. पण त्या खोक्यातून एका खेळाचं अर्थशास्त्र बदललं. १८४८च्या आसपास गटापर्चाचे स्वस्त चेंडू बाजारात आले. मुळात ते काळपट तपकिरी. गवतात दिसावेत म्हणून त्यांना पांढरा रंग दिला गेला.

पिसांचे चेंडू करणारा सेंट अँड्र्यूजचा नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन या नव्या चेंडूवर इतका खवळला की, त्याने ते गोळा करून जाळले म्हणतात. त्याचा हाताखालचा माणूस टॉम मॉरिस. तो एकदा मैदानावर गटापर्चाने खेळताना धन्याला दिसला, आणि १८५१च्या सुमारास दोघांची फारकत झाली. मॉरिसने पुढे चार वेळा ओपन स्पर्धा जिंकली, आणि रॉबर्टसनही यथावकाश गटापर्चाचेच चेंडू करू लागला. त्याच्या रागाला हसू येतं खरं, पण तो राग पोटातून आला होता. आयुष्यभर टोपी टोपी पिसं कोंबून छाती दुखवून घेतलेल्या माणसाला, गरम पाणी आणि एक साचा एवढ्यावर कुणीही चेंडू करू शकतो हे समजलं तर त्याने काय टाळ्या वाजवायच्या?

हौशी रंगाऱ्यांच्या यादीत एक मुंबईकरही आहे. रुडयार्ड किपलिंग. जन्म १८६५, मुंबई, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. हा गृहस्थ लग्नानंतर अमेरिकेत व्हरमाँट राज्यात घर बांधून राहिला आणि घराला नाव दिलं ‘नौलखा’. १८९४ साली शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल त्याच्याकडे पाहुणे म्हणून आले ते गोल्फचे क्लब घेऊनच, आणि यजमानाला त्यांनी खेळ शिकवला. पण व्हरमाँटमध्ये हिवाळाभर बर्फ. पांढऱ्यावर पांढरा चेंडू सापडायचा कसा? किपलिंगने चेंडू लाल रंगवले आणि बर्फातही खेळ चालू ठेवला. जे. जे.च्या आवारात जन्म झाल्याचा एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा होता.

आता क्लबाकडे वळू. त्याचं डोकं पूर्वी बीचच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाचं करत. पुढे पर्सिमन नावाचं अमेरिकन लाकूड आलं आणि विसाव्या शतकात त्यानेच राज्य केलं. हे पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं सख्खं चुलत भावंडं. वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, डायोस्पायरॉस. अमेरिकेतल्या भावाचं लाकूड पॉलिश होऊन साहेबाच्या हातात गेलं. इकडच्या भावाची पानं गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात उन्हातान्हात खुडली जातात आणि तेंदूपत्ता म्हणून विडीला गुंडाळली जातात. एकाच घराण्यात जन्म घेऊन एकाने हिरवळीवर जावं आणि दुसऱ्याने विडीत जळावं, असं झाडांतही चालतं.

दांडा असे हिकरीचा. हेही लाकूड अमेरिकेचंच. आणि लोखंडी क्लबाचं पातं घडवी लोहार. तो पात्याच्या पाठीवर आपली खूण ठोकी. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टची खूण होती चिलमीसारखा पाइप. ती दिसली की जाणकार दोन पैसे जास्त देत. म्हणजे क्लबावर पहिलं नाव आलं ते मालकाचं नव्हे, करणाऱ्याचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रत्येक दांडा हाताने तासलेला, त्यामुळे एकासारखा दुसरा नाही. मॅशी, निब्लिक, ब्रॅसी, स्पून अशी त्यांची नावं. जणू घरातली मांजरंच! शंभर दांडे हातात घेऊन वाकवून बघायचे आणि त्यातले आठ-दहा निवडायचे, हा खेळाडूचा अर्धा खेळ होता. बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात चारी मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्या दांड्यांनीच.

पण तोवर लाकडाचे दिवस भरले होते. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर्थर नाइट या माणसाने पोलादी नळीच्या दांड्याचं पेटंट १९१० साली घेतलं. अमेरिकेच्या गोल्फ संघाने पोलादाला परवानगी दिली १९२४ साली. सेंट अँड्र्यूजच्या वडीलधाऱ्यांनी मात्र मान हलवली नाही. शेवटी १९२९ साली प्रिन्स ऑफ वेल्स स्वतःच तिथल्या जुन्या मैदानावर पोलादी दांडे घेऊन खेळले, आणि आता भावी राजालाच अपात्र कोण ठरवणार, या पेचातून त्याच वर्षी परवानगी निघाली. हेच ते राजपुत्र, जे १९३६ साली राजे झाले आणि त्याच वर्षी पायउतारही झाले. आधी लाकूड सोडलं, मग सिंहासन.

आणि आता या लेखातला मला सर्वांत प्रिय भाग. पोलादी दांडे आले खरे, पण लोकांना ते चकचकीत नळकांडं हातात धरवेना. मग कारखानदारांनी काय करावं? त्यांनी पोलादावर तपकिरी लेप चढवला. हिकरीसारखा दिसणारा! काहींवर तर लाकडाच्या रेषासुद्धा काढल्या. आत पोलाद, वर लाकडाचं सोंग. कसलेल्या म्हाताऱ्याने तो हातात घ्यावा, वाकवून बघावा आणि “वा! याला म्हणतात लाकूड” असं म्हणावं, अशी ती व्यवस्था.

हसू नका. आमच्या बँकेत मी लागलो तेव्हा जाडजूड खातेवह्या नुकत्याच माळ्यावर गेल्या होत्या आणि टेबलावर संगणक आले होते. संगणकात वही नाही, पान नाही, शाई नाही. पण पडद्यावर शब्द मात्र लेजरच. कागद ठेवायच्या जागेला फोल्डर आणि त्यावर फोल्डरचंच चित्र. आमचे जुने हेडक्लार्क त्या चित्राकडे बोट दाखवून समाधानाने म्हणायचे, “बघ, आपल्या फायली आत आहेत.” फायली आत नव्हत्या. पोलादाला लाकडाचा रंग दिला होता, इतकंच. नवी गोष्ट माणसाच्या गळी उतरवायची तर तिला जुन्या गोष्टीचा रंग द्यावा लागतो. पुढे माणूस सरावतो आणि रंग खरवडून टाकतात. दांड्यावरचा तपकिरी लेप काही वर्षांनी गेलाच. तोपर्यंत सुरी घेऊन हिकरी तासत बसणारे बरेच कारागीर, कारखान्याचा तयार माल विकणारे दुकानदार झाले होते. त्यांच्यावर मात्र कुणी रंगाचा हात फिरवला नाही.

दांडा गेला तरी डोकं लाकडाचं होतं. तेही १९७९ साली धोक्यात आलं. गॅरी ॲडम्स नावाच्या विक्रेत्याने टेलरमेड कंपनी काढली आणि पोकळ पोलादी डोक्याचा ड्रायव्हर विकायला सुरुवात केली. लोकांनी त्याला ‘पिट्सबर्गचं पर्सिमन’ असं नाव दिलं, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचं गाव. योगायोग पाहा. त्याच १९७९च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात उतरला. हे पर्थ ऑस्ट्रेलियातलं, धनुष्यवाल्याचं नव्हे. इंग्लंडचा कप्तान ब्रेअर्लीने तक्रार केली, लिलीने ती बॅट भिरकावून दिली, आणि बॅट लाकडाचीच हवी असं क्रिकेटने नियमात लिहून टाकलं. गोल्फने उलट केलं. धातू घेतला आणि नाव लाकडाचं ठेवलं. म्हणून आजही दुकानात पोलादाचं, टायटॅनियमचं ‘वुड’ मिळतं. २०२२ साली एका कंपनीने कार्बनच्या तोंडाचा ड्रायव्हर काढला, तोंड लालभडक, आणि त्याला नाव दिलं ‘कार्बनवुड’. लाकूड केव्हाच चुलीत गेलं, आडनाव मागे राहिलं.

धातू आला तसे रंग सुटले. पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम, हेही जनरल इलेक्ट्रिकमधलेच इंजिनिअर, त्यांनी लोखंडी क्लबांवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. ठिपक्याच्या रंगावरून पात्याचा दांड्याशी असलेला कोन कळतो. काळा ठिपका सर्वसाधारण माणसाला, निळा एका बाजूला झुकलेला, लाल दुसऱ्या. शिंप्याच्या मापासारखं आहे. २०११ साली टेलरमेडने पांढरेशुभ्र ड्रायव्हर आणले, आणि २०१२ साली बब्बा वॉटसनने गुलाबी ड्रायव्हर घेऊन मास्टर्स स्पर्धा जिंकली. नियमावली क्लबाच्या आकारावर, लांबीवर, खाचांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. रंगाच्या बाबतीत मात्र ती उदार आहे.

हे सगळं मला कसं कळलं? आमच्या पुण्यातल्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी शिस्तीने केल्या, देशसेवा आणि गोल्फ. एका रविवारी त्यांच्या गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर क्लब ओळीने झोपवलेले, आणि हवेत थिनरचा वास. मी खाली डोकावलो.

“या, बँकवाले, या,” कर्नलसाहेब म्हणाले. “तुमचा हात स्थिर आहे. नोटा मोजून झाला असेल. ही टोचणी धरा.”

लोखंडी क्लब रंगवणं म्हणजे तसं सोपं. पाठीवर आकडा आणि अक्षरं कोरलेली असतात, त्यातला जुना रंग ॲसिटोन आणि टोचणीने उकरून काढायचा, पुसून कोरडं करायचं आणि खाचेत नवा रंग सोडायचा. बाहेर सांडला तर हरकत नाही. जरा सुकू द्यावा आणि थिनरचा बोळा वरून सपाट फिरवावा. वरचा रंग निघतो, खाचेतला राहतो. स्टीलच्या पातेल्यावरच्या नावाचीच ही श्रीमंत आवृत्ती. “नेलपेंट उत्तम बसतं,” असं कर्नलसाहेब म्हणाले, आणि आतून वहिनींचा आवाज आला, “म्हणूनच माझ्या तीन बाटल्या सापडत नाहीयेत!”

ड्रायव्हरचं डोकं हे मात्र नाजूक काम. आधी वॉटर पेपरने घासून जुनी चकाकी घालवायची. चेंडू लागतो त्या तोंडावर चिकटपट्टी लावून ते झाकायचं, तिथे रंगाचा थेंबही नको. मग प्रायमर, त्यावर स्प्रेचे पातळ पातळ हात, दर दोन हातांमध्ये धीर, आणि शेवटी लॅकर. धीर हा पदार्थ रंगाच्या दुकानात मिळत नाही म्हणून बहुतेकांचे ओघळ येतात. शिवाय वजनाचा प्रश्न. डोकं जेमतेम दोनशे ग्रॅमचं. त्यात दोन ग्रॅम वाढले तरी तोल एका अंशाने बदलतो आणि खेळणाऱ्याच्या मनगटाला ते कळतं. कर्नलसाहेब डोकं काढून गल्लीच्या टोकाच्या सराफाकडे घेऊन गेले. रंगाआधी एकदा आणि रंगानंतर एकदा. चार ग्रॅम भरले. सराफाने गंभीरपणे विचारलं, “घडणावळ किती धरू?” कर्नलसाहेब परत आले आणि त्यांनी सगळा रंग घासून पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केलं.

रंग होता झेंडूचा. गडद, केशरी, दसऱ्याच्या तोरणातला. दुकानात तयार मिळाला नाही, तर दुकानदाराच्या टेबलावर एक फूल ठेवून त्यांनी तो मिळवून घेतला होता. मला राहवेना. आयुष्यभर काळ्या क्लबाने खेळलेल्या शिस्तीच्या माणसाला सत्तरीत झेंडू का सुचावा?

“माझ्यासाठी नाही हो,” ते म्हणाले. “माझ्या कॅडीच्या पोराला द्यायचा आहे हा सेट.”

मुंबईत चेंबूरला १९२७ पासून एक गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतली मुलं बांधकामाची सळई वाकवून क्लब करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. त्यांच्यातले काही जण मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहतात आणि घरी येऊन सळईने खेळतात. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले. कर्नलसाहेबांच्या कॅडीचा मुलगाही तसाच, वाकवलेल्या सळईने शिकलेला. हात चांगला आहे म्हणतात.

“मग द्या की तसाच,” मी म्हटलं. “रंग कशाला?”

“तसाच?” कर्नलसाहेबांनी टोचणी खाली ठेवली. “हा सेट वीस वर्षं तिथे सगळ्यांनी माझ्या पिशवीत पाहिलाय. उद्या तो पोरगा खांद्यावर टाकून निघाला, तर फाटकावरचा पहिला माणूस त्याला काय विचारील? ‘कोणाचा उचललास?’ दुसरा विचारील, ‘साहेब कुठे आहेत?’ दिवसातून चार वेळा त्याने माझं नाव सांगायचं. मग तो सेट त्याचा कसा झाला? म्हणून त्यालाच विचारलं, कोणता रंग हवा. म्हणाला, झेंडूचा. त्याची आई फुलं विकते.”

मी काही बोललो नाही. आमच्या बँकेत साधं एक खातं बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर करायचं तर सहा कागद, दोन साक्षीदार आणि तीन खेपा लागतात. एवढं करून पुढच्या वर्षी पुन्हा ओळखपत्र मागतात.

संध्याकाळी तो मुलगा आला. पंधरा-सोळा वर्षांचा, लाजरा. शेवटचा हात बाकी होता. कर्नलसाहेबांनी स्प्रेचा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “लांबून मार. घाई करू नकोस.” त्याने तोंडावरची चिकटपट्टी नीट लागलीय का ते आधी अंगठ्याने तपासलं, मग मारला. एकही ओघळ आला नाही. नंतर तो बराच वेळ लोखंडी क्लबांची पाठ उलटून उलटून बघत होता.

“काका, कंपनीचं नाव नाही रंगवलंत?” त्याने विचारलं. आकडे झेंडूच्या रंगात भरले होते, कंपनीच्या अक्षरांच्या खाचा मात्र रिकाम्या होत्या.

“ती जागा तुझ्यासाठी ठेवलीय,” कर्नलसाहेब म्हणाले. “लोहार तिथे आपली खूण ठोकायचा पूर्वी. तुला काय करायचं ते कर.”

पोराने थोडा विचार केला. मग वर्तमानपत्रावरची टोचणी उचलली, रंगात बुडवली, आणि नऊ नंबरच्या पात्यावर एका कोपऱ्यात पाच पाकळ्यांचं बारीकसं फूल काढलं. पाकळ्या एकसारख्या आल्या नाहीत, पण थिनरचा बोळा घेऊन ते पुसायची भाषा कुणीच केली नाही. वहिनींनी चहा आणला, तो सुद्धा त्याने एका हातानेच घेतला. दुसऱ्या हातात क्लब होता.